दिवा बॅटरीचा, दुखणे डायनामोचे

जुलैमधल्या एका मंगळवारी संध्याकाळी मी सासूबाईंना परळहून फिजिओथेरपी करून चेंबूरला घरी आणत होते. हिंदमाता चौकातल्या गुडघाभर पाण्यातून गाडी कशीबशी बाहेर पडली, दादर टी. टी. ओलांडून किंग्ज सर्कलच्या अलीकडच्या सिग्नलला थांबली, आणि तेवढ्यात डॅशबोर्डवर बॅटरीचे छोटे लाल चित्र उजळले. वायपर जोरात चालू होते, हेडलाइट लावलेले होते, काचेवर धुके धरू नये म्हणून एसी सुरू होता आणि पंखा तिसऱ्या आकड्यावर होता. तीन-चार सेकंदांनी दिवा आपोआप विझला. सायन येईपर्यंत तो आणखी दोनदा लागला आणि दोन्ही वेळा गाडी पुढे सरकताच गेला. सासूबाईंच्याही ते नजरेतून सुटले नाही. "अगं, ते लाल काय लुकलुकतंय?" असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हते.

मे महिन्यात त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून दर मंगळवारी व शुक्रवारी परळची फेरी ठरलेली आहे. रिक्षा सायनच्या पुढे शहरात जात नाहीत, पावसात टॅक्सी वेळेवर मिळेल याची खात्री नसते आणि वॉकर घेऊन लोकलचा जिना चढणे त्यांना शक्य नाही. त्यामुळे आमची २०१३ सालची, ९२,००० किलोमीटर चाललेली छोटी पेट्रोल गाडी हेच त्यांचे ये-जा करण्याचे साधन आहे, आणि ती भर पाण्यात बंद पडणे मला कोणत्याही परिस्थितीत परवडणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घराजवळच्या एका बॅटरीच्या दुकानात नेली. दुकानदाराने बॉनेट उघडले, बॅटरीवरची तारीख पाहिली आणि विचारले, "तीन वर्षं झाली का, मॅडम? मग गेली. पावसाळ्यातच जातात." त्याने काहीही मोजले नाही, आणि मोजायला सांगायचे मलाही सुचले नाही. जुनी बॅटरी बदल्यात देऊन ४,६०० रुपयांत ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरी बसली. गाडी सुरू झाली, दिवा गेला आणि पुढचे सहा दिवस तो दिसलाही नाही. पुढच्या मंगळवारी परतताना सायनच्या उड्डाणपुलावर तो पुन्हा लागला, आणि या वेळी जवळपास दोन मिनिटे राहिला.

त्या रात्री मी कोल्हापूरला मामांना फोन केला. मामा एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झाले आहेत आणि गाड्यांच्या विजेच्या कामात त्यांचा सगळा जन्म गेला आहे. माझे सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "बाळ, चित्र बॅटरीचं असलं तरी तक्रार बॅटरीची असेलच असं नाही. तो दिवा सांगतोय की चार्जिंग होत नाहीये. नवी बॅटरी आता घरातलं साठवलेलं खाऊन दिवस काढतेय. आधी मोज, मग बोल." त्यानंतर तासभर त्यांनी मला जे समजावून सांगितले, ते मी वहीत उतरवून घेतले. मी पेशाने हिशेबनीस आहे. आकडे लिहून ठेवल्याशिवाय मला कोणतीच गोष्ट पटत नाही.

गाडीत वीज दोन ठिकाणांहून येते. इंजिन सुरू करताना सेल्फ फिरवण्यासाठी लागणारा मोठा प्रवाह बॅटरी देते. इंजिन एकदा चालू झाले की हेडलाइट, वायपर, एसीचा पंखा, पेट्रोलचा पंप, ठिणगी हा सगळा भार इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरने उचलायचा असतो, आणि सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेली वीज भरूनही त्यानेच काढायची असते. मुंबईतले बहुतेक वायरमन अल्टरनेटरला आजही डायनामोच म्हणतात, कारण जुन्या फियाटच्या काळात त्या जागी खरोखरच डायनामो असे आणि त्याच्या जोडीला 'कटआउट' नावाची डबी असे. डायनामोचा दाब, म्हणजे व्होल्टेज, बॅटरीपेक्षा कमी झाला की ती डबी दोघांमधली जोडणी तोडत असे, म्हणजे बॅटरीतली वीज उलटी डायनामोत वाहून जात नसे. अल्टरनेटरमध्ये हे काम वीज एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड करतात. तत्त्व मात्र दोघांचे एकच आहे, आणि ते मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिले होते: तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की तारेत वीज निर्माण होते. अल्टरनेटरच्या मधोमध फिरणारा रोटर हा एक विद्युतचुंबक असतो. दोन छोट्या कार्बनच्या कांड्यांमधून त्याला अवघा तीन-चार अँपिअरचा प्रवाह मिळतो आणि त्या बळावर बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांतून साठ-सत्तर अँपिअरपर्यंत वीज निघू शकते. रोटरचा प्रवाह कमी-जास्त करून दाब ठरलेल्या मर्यादेत ठेवण्याचे काम रेग्युलेटर करतो.

मला सर्वांत उपयोगी पडले ते दिव्यामागचे गणित. जुन्या पद्धतीच्या जोडणीत या दिव्याचे एक टोक चावीकडून येणाऱ्या विजेला आणि दुसरे अल्टरनेटरला जोडलेले असते. चावी फिरवली पण इंजिन सुरू केले नाही, तर एका बाजूला बॅटरीचा दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला काहीच नसते, म्हणून दिव्यातून प्रवाह जातो आणि तो पेटतो. अल्टरनेटर वीज देऊ लागला की दोन्ही टोकांचा दाब सारखा होतो. दोन टाक्यांतल्या पाण्याची पातळी एक झाली की मधल्या नळीतून पाणी वाहायचे थांबते. तसाच दिवाही विझतो. नंतरच्या गाड्यांत रेग्युलेटर स्वतःच हा दिवा लावतो वा विझवतो, पण अर्थ बदलत नाही. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर गेलाच पाहिजे. यांपैकी पहिल्या अटीकडे मी दहा वर्षांत एकदाही लक्ष दिले नव्हते.

दिवा चालत्या गाडीत लागला तर काय करायचे, हेही मामांनी फोन ठेवण्यापूर्वी बजावले. सर्वांत आधी इंजिनाच्या तापमानाकडे पाहायचे. कारण आमच्यासारख्या अनेक गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटला असेल तर दिव्यापाठोपाठ तापमान चढू लागते, आणि अशा वेळी जागा मिळेल तिथे गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद केलेच पाहिजे, नाहीतर हजार-दीड हजारांचे काम इंजिनावर जाते. तापमान ठीक असेल तर उलट इंजिन बंद करायचे नाही, कारण पुन्हा सेल्फ मारायला बॅटरीत जीव उरला असेलच असे नसते. एसी आणि पंखा बंद करायचा, फोन चार्जरवरून काढायचा आणि थेट घर किंवा गॅरेज गाठायचे. मी लगेच हिशेब करून पाहिला. कमी झोताचे दोन हेडलाइट प्रत्येकी ५५ वॅटचे धरले तर त्यांनाच सुमारे ९ अँपिअर लागतात. वायपर, पंखा, पेट्रोलचा पंप, रेडिएटरचा पंखा आणि एसीचा क्लच मिळवले की पावसातल्या संध्याकाळी भार २५ अँपिअरच्या पुढे सहज जातो. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्या भारावर कागदावरही दीड तास टिकत नाही, आणि प्रत्यक्षात दाब त्याच्या कितीतरी आधी इतका खाली येतो की इंजिन अडखळू लागते. परळ ते चेंबूर हे अंतर पावसाळ्यात कधीकधी दीड तासच घेते. शिवाय आमच्या गाडीचे स्टिअरिंग विजेवर हलके होणारे आहे; दाब पडला की ते जड होते. हे आकडे समोर आल्यावर त्या शुक्रवारची फेरी मी टॅक्सीनेच केली, तीही पाऊण तास शोधल्यावर मिळालेल्या टॅक्सीने.

शनिवारी लॅमिंग्टन रोडवर जाऊन मी साडेतीनशे रुपयांचा एक साधा मल्टिमीटर आणला आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात बॉनेट उघडून उभी राहिले. ओढणी काढून ठेवली, केस घट्ट बांधले, बांगड्या उतरवल्या. चालू इंजिनाच्या बेल्टपाशी हात न्यायचा असेल तर याला पर्याय नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मीटरने १२.५ व्होल्ट दाखवले. शिसे-आम्लाच्या बॅटरीत प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टची सहा घरे असतात, त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी शांत अवस्थेत १२.६ च्या आसपास असते, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. नवी बॅटरी पूर्ण भरलेली नव्हती, पण ठीक होती. सेल्फ मारताना आकडा क्षणभर १०.४ वर गेला आणि इंजिन सुरू होताच १४.१ वर स्थिरावला. आमच्या गाडीएवढ्या जुन्या गाड्यांत १३.८ ते १४.५ हा निरोगी आकडा असतो. (संगणकाकडून चार्जिंगचे नियमन होणाऱ्या अलीकडच्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम वर-खाली केला जातो, तिथे केवळ एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये.) दिवा विझलेला होता. म्हणजे थंड इंजिनावर सर्व काही ठीक होते आणि माझी तक्रार कोणालाही दाखवता आली नसती.

इथे एका गोष्टीने मला उगाच घाबरवले. डायोड खराब असेल तर चार्जिंगमध्ये उलटसुलट प्रवाहाची, म्हणजे विजेच्या भाषेतल्या 'एसी'ची, लहर मिसळते आणि ती मीटरच्या एसी मापनावर दिसते, असे मामांनी सांगितले होते. मी मीटर एसीवर फिरवून बॅटरीला लावला, तर त्याने ३१ व्होल्ट दाखवले. बारा व्होल्टच्या गाडीत ३१ कुठून येणार? फोनवर मामांनी दोन्ही तारांची अदलाबदल करायला सांगितली आणि तसे करताच आकडा शून्य झाला. स्वस्त मीटरमधली एसी मोजण्याची जोडणी अर्धीच लाट पाहते आणि सरळ प्रवाहालाही सव्वादोनाने गुणून दाखवते. १४ ला तसे गुणले की ३१ येतात. ज्याला ही परीक्षा करायची असेल त्याने ती अशा मीटरवर करू नये, एवढे मी वहीत अधोरेखित करून ठेवले.

मग मी गाडी मुद्दाम बाहेर काढली आणि इंजिन चांगले तापावे म्हणून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने चाळीस मिनिटे फिरवून आणली. आवारात परतले तेव्हा दिवा लागलेला होता. इंजिन चालू ठेवूनच मीटर लावला, तर आकडा १२.३ वर होता आणि माझ्या डोळ्यांदेखत १२.२ झाला. हेडलाइट आणि पंखा लावताच ११.९. आता पुरावा हातात होता: इंजिन फिरत होते, बेल्ट फिरत होता आणि सगळा भार एकटी बॅटरी ओढत होती. अशा वेळी बॅटरीची तार काढून इंजिन चालते का ते पाहण्याची एक जुनी पद्धत आहे आणि शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी मला ती आग्रहाने सुचवली. मी ती केली नाही आणि कोणीही करू नये. बॅटरी दाबाचे धक्के पचवते. चालू इंजिनावर तिची जोडणी तोडली तर अल्टरनेटरचा दाब क्षणात उसळतो आणि गाडीतला संगणक, रेग्युलेटर, डायोड यांपैकी काहीही जळू शकते.

अल्टरनेटर वीज देत नाही की दिलेली वीज बॅटरीपर्यंत पोहोचत नाही, हा पुढचा प्रश्न होता. मामांच्या सूचनेप्रमाणे मी मीटरची एक काडी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवली. ०.०४ व्होल्ट. म्हणजे बॅटरीचे ऋण टोक इंजिनाला जोडणारी अर्थिंगची पट्टी चांगली होती. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत ती हिरवी पडून आतून सडते आणि अनेकांचा अल्टरनेटर विनाकारण बदलला जातो. मग एक काडी ऋण टोकावरच ठेवून दुसरी आधी धन टोकावर आणि नंतर अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या बोल्टवर ठेवायची होती. ही तार थेट बॅटरीला जोडलेली, सतत जिवंत असते. काडी घसरून इंजिनाच्या अंगाला लागली तर ठिणगी उडते, म्हणून मी काडीच्या टोकापर्यंत चिकटपट्टी गुंडाळली होती. इथे काय दिसते ते महत्त्वाचे: अल्टरनेटर भरपूर वीज देत असेल आणि तार खराब असेल, तर बोल्टवर दाब जास्त आणि बॅटरीवर कमी मिळतो. मला दोन्ही ठिकाणी सारखाच, १२.२ मिळाला. तार निर्दोष ठरली. बेल्ट बंद इंजिनावर अंगठ्याने दाबून पाहिला. तो घट्ट होता, पण आतल्या रेघांमध्ये बारीक आडव्या चिरा पडलेल्या दिसल्या.

शेवटची परीक्षा सर्वांत साधी होती आणि तीच निर्णायक ठरली. दिवा लागलेला असताना, इंजिन चालू असताना, मी हातोडीच्या लाकडी दांड्याने अल्टरनेटरच्या मागच्या अंगावर हलकेच दोनदा ठोकले. दिवा गेला. मीटर १२.२ वरून उडी मारून १३.९ वर गेला, अर्धा मिनिट तिथे राहिला आणि पुन्हा उतरला. पुन्हा ठोकले, पुन्हा चढला. "कार्बन संपले," मामा फोनवर म्हणाले. "झिजून आखूड झाले की मागची स्प्रिंग ढिली पडते, कधी टेकतात, कधी टेकत नाहीत. ठोकलंस की हलून टेकतात." रस्त्यावर गाडी पुढे सरकताच दिवा का जात होता, आणि नव्या बॅटरीनंतर सहा दिवस तो का दिसला नाही, या दोन्हींचे उत्तर त्यात होते. तो बॅटरीचा गुण नव्हता. दुखणेच येऊन-जाऊन होते.

सोमवारी रजा घेऊन मी कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर गेले. गाड्यांचे नवे-जुने भाग, काढलेली इंजिने, दरवाजे, काचा असे सगळे ज्या रस्त्यावर मांडलेले असते, तिथल्या एका आतल्या गल्लीत ऑटो इलेक्ट्रिशियनची दुकाने आहेत. पहिल्या दोघांनी अल्टरनेटरकडे न पाहताच पूर्ण रिकंडिशन केलेला नग बदलून घ्या म्हणून सांगितले. एकाने साडेपाच हजार मागितले. तिसऱ्या दुकानात साठीच्या पुढचे एक गृहस्थ बसले होते. मूळचे रत्नागिरीकडचे, गल्लीत त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. मी वही उघडून आकडे वाचून दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, वही स्वतः हातात घेऊन एकदा वाचली आणि विचारले, "ताई, ठोकल्यावर चढला? मग खोलून बघू. खोलल्याशिवाय पैसे सांगत नाही."

उस्तादांनी आधी बॅटरीची ऋण तार काढली, कारण मागच्या जाड बोल्टवर पाना लावताना तो जिवंत राहता कामा नये. त्यानंतर बेल्ट ढिला केला, मागचा बारीक तारांचा छोटा जोड, म्हणजे कपलर, आणि जाड तार सोडवली, आणि वीस मिनिटांत अल्टरनेटर लाकडी फळीवर आला. मागचे झाकण उघडताच आतून काळी पूड पडली. तिच्यात ओल मिसळून जागोजाग तिचा लगदा झाला होता. कार्बनची घोडी बाहेर काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. दोन छोटे काळे चौकोनी दात, एक साडेतीन मिलिमीटर बाहेर आलेला, दुसरा पाच; शेजारी डबीतून काढलेल्या नव्या कार्बनचे दात अकरा मिलिमीटरचे होते. आखूड दात बोटाने आत दाबला तर तो परत बाहेर येताना मध्येच अडकत होता. झीज ही ९२,००० किलोमीटरची, पण अडकणे हे हिंदमाताच्या पाण्याचे, असे उस्तादांचे मत पडले. मला ते पटते, कारण पहिला दिवा त्याच संध्याकाळी लागला होता.

मला सर्वांत आवडले ते हे की, दोष सापडल्यावरही ते थांबले नाहीत. रोटरवरच्या तांब्याच्या दोन कड्यांवर त्यांनी मीटर लावला, रोध २.९ ओहम, म्हणजे आतली तार सलग. कडे आणि मधला दांडा यांमध्ये मीटर लावल्यावर काहीच नाही, म्हणजे तार कुठे अंगाला लागलेली नाही. डायोड प्लेटवरचा प्रत्येक डायोड त्यांनी दोन्ही दिशांनी पाहिला. एका दिशेने अर्ध्या व्होल्टच्या जवळपास आकडा येत होता आणि उलट्या दिशेने येत नव्हता. बेअरिंग कानाजवळ धरून हाताने फिरवले. तांब्याच्या कड्यांवर कार्बनने पाडलेली बारीक खोबण होती. ती त्यांनी झिरो नंबरच्या कागदाने, रोटर एका लयीत फिरवत, गुळगुळीत केली. जुन्या कार्बनच्या शेपट्या सोडवून नव्यांना डाग दिला. हात चालू असताना त्यांनी सांगितले की, ते पंधराव्या वर्षी पद्मिनी टॅक्सीच्या वायरिंगवर हे काम शिकले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा आपल्या पहिल्या गिऱ्हाइकालाच निरोप दिल्यासारखे त्यांना वाटले होते.

अल्टरनेटर परत चढला, चिरा पडलेल्या बेल्टच्या जागी नवा बेल्ट आला, ऋण तार जोडली गेली. मी चावी फिरवली. डॅशबोर्डवर तेलाचा दिवा लागला, इंजिनाचा लागला, बॅटरीचा लागला नाही. हाताखालच्या मुलाने आनंदाने सांगितले, "बघा ताई, गेला!" मी सेल्फ मारणार, तोच उस्तादांनी हात वर केला. "मारू नका. इंजिन बंद आहे, मग तो पेटलाच पाहिजे. पेटत नाही म्हणजे त्याची तारच जागेवर नाही." त्यांनी वाकून मागे हात घातला, आणि मुलाने अर्धवट बसवलेला छोटा कपलर खट् असा आवाज करून बसला. लाल चित्र लगेच उजळले. याच कपलरमधून रेग्युलेटरला जागे होण्याचा इशारा मिळतो. तसेच निघाले असते तर अल्टरनेटरने चार्जिंगही केले नसते आणि दिवाही लागला नसता. हिंदमातापर्यंत मला काहीच कळले नसते.

इंजिन सुरू होताच दिवा गेला. मीटर १४.२ वर होता. हेडलाइट, पंखा, वायपर आणि एसी सगळे लावल्यावर १३.८. उस्तादांनी कार्बनचे, मजुरीचे आणि बेल्टचे मिळून १,८५० रुपये घेतले. घड्याळ आणि रेडिओची केंद्रे तेवढी पुन्हा लावावी लागली.

गेलेल्या ४,६०० रुपयांचा हिशेब मी वहीत वेगळा लिहिला आहे. जुनी बॅटरी सेल्फ व्यवस्थित मारत होती. चार्जिंगअभावी ती अर्धी रिकामी झाली असेल, पण मेलेली नव्हती, आणि बाहेरून एकदा पूर्ण भरून तपासली असती तर तिच्यावर आणखी वर्षभर गाडी चालली असती, असे मला वाटते. ती परत मागायला गेले, तेव्हा ती भंगारातल्या शिशासाठी पुढे गेलेली होती. दुकानदाराशी मी भांडले नाही, पण त्याच्या गल्ल्याशेजारीच मीटर टांगलेला होता हे त्याला दाखवून दिले. तो काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, "मोजायला हवं होतं, खरं आहे."

आता सिगारेट लायटरच्या खोबणीत बसणारा एक छोटा व्होल्टमीटर मी गाडीत लावला आहे. चावी फिरवल्यावर सेल्फ मारण्याआधी मी दोन सेकंद थांबते आणि लाल चित्र उजळलेले पाहते. ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी परळहून निघालो, तेव्हा मुसळधार पाऊस होता; हिंदमाताला पाणी पाहून वाहतूक पुलावरून वळवली होती आणि तिथे पंचवीस मिनिटे आम्ही जागेवरच उभ्या होतो. सासूबाई पाय लांब करून, मीटरच्या हिरव्या आकड्यांकडे पाहत बसल्या होत्या. तेरा पूर्णांक नऊ, तेरा पूर्णांक आठ, पुन्हा तेरा पूर्णांक नऊ. किंग्ज सर्कलच्या त्याच सिग्नलला आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पर्समध्ये ठेवला आणि डोळे मिटून घेतले.